रंगरुटाचं मन: कोकणातून सैन्यात गेलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जात आली आहेत. दापोलीला जुनी माणसं आजही ‘कॅम्प’ म्हणतात, आणि महाडपासून सावंतवाडीपर्यंत वाडीवाडीत पेन्शनीत आलेला एखादा हवालदार किंवा सुभेदार भेटतोच. पाय कसे तयार करायचे, छाती किती फुगवायची हे ही मंडळी पोरांना छान सांगतात. मनाचं काय करायचं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. इथली उत्तरं त्यासाठी आहेत. प्रशिक्षणात असलेल्या मुलाने वाचावीत, आणि त्याहून जास्त त्याच्या आईवडिलांनी, भावंडांनी.

आत्ता, या क्षणी जीवाला धोका वाटतोय. पहिलं काय करायचं?

त्याला एकटं सोडू नका. समोर असेल तर शेजारी बसा. फोनवर असेल तर फोन ठेवू नका, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला दुसऱ्या फोनवरून त्याच्या कंपनी ऑफिसला, म्हणजे त्याच्या लष्करी तुकडीच्या कार्यालयाला, कळवायला सांगा. तो सुट्टीवर गावात असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

बोलण्यासाठी टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत. सैन्यातल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी याच सेवेचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून चालतो.

विषारी काही पोटात गेल्याचा संशय असेल तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. त्याने जीव वाचण्याऐवजी ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. डबा किंवा बाटली लेबलासकट सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००-११६-११७ वर चोवीस तास सल्ला देतं, तिथे गाडीतून जाता जाता डॉक्टरांनाही बोलता येतं. आणि रुग्णालयात ‘चुकून प्यायला’ असं सांगू नका. खरं कारण कळलं नाही तर विषावर उपचार होतात, मनावर होत नाहीत, आणि मुलगा दोन दिवसांत त्याच अवस्थेत घरी येतो.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही. मुलगा आपल्या मर्जीने गेला. मग इतका ताण का?

सक्ती कागदावर नसते, पण घरात असू शकते. भरतीच्या अकादमीची फी भरली, गावभर पेढे वाटले, ग्रामपंचायतीसमोर सत्काराचा फ्लेक्स लागला. असा मुलगा तिसऱ्या आठवड्यात ‘मला जमत नाही’ हे कुणाला सांगणार? परत यायचा रस्ता त्याला बंद दिसतो. सक्तीने भरती झालेल्या मुलाची घुसमट आणि याची घुसमट आतून सारखीच.

त्यात जून २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होणार, हा घोर पहिल्या दिवसापासून सोबत असतो. शेजारच्या खाटेवरचा मित्र हा स्पर्धकही असतो.

ज्या देशांत सक्तीची सेवा आहे तिथे या प्रश्नाकडे फार आधीपासून बारकाईने पाहिलं गेलं. इस्रायलमध्ये १८ ते २१ वर्षांच्या सैनिकांच्या आत्महत्या बऱ्याचदा आठवड्याअखेरच्या सुट्टीत, घरी आणलेल्या रायफलीने होत. २००६ मध्ये नियम बदलला आणि सुट्टीवर जाताना हत्यार छावणीतच ठेवायला लावलं. एकूण प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. मुलं तीच, ताण तोच, फक्त त्या वाईट तासात हाताशी हत्यार नव्हतं. दक्षिण कोरियाने २०१९ मध्ये प्रयोग म्हणून आणि २०२० पासून सगळीकडे, काम संपल्यावर सैनिकांना मोबाईल वापरायला दिला, म्हणजे घराशी बोलणं सुरू राहिलं. या दोन गोष्टी, धोक्याची वस्तू लांब आणि आपलं माणूस जवळ, पुढच्या बऱ्याच उत्तरांत पुन्हा येतील.

पहिल्या महिन्यात फोनवर रडतो. ही घरची ओढ की आजार?

बहुतेक वेळा घरची ओढ. पहाटे चारला उठणं, केस उतरवलेले, हिंदीत हुकूम, ताटात मासे नाहीत, भात कमी आणि रोटी जास्त, भोवती समुद्राऐवजी कोरडा माळ. चार-सहा आठवड्यांत शरीर रुळतं, दोन मित्र मिळतात, आवाज सुधारतो.

फरक असा ओळखा. घरच्या ओढीत माणूस लाटेसारखा वरखाली होतो: फोनवर रडतो, पण संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो, कुणाचा किस्सा सांगताना हसतो. नैराश्यात उतार लागतो आणि तो थांबत नाही. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन बुडालेलं, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, स्वतःबद्दल ‘मी कुचकामी’ ही भावना पक्की, असं दिसलं तर डॉक्टर हवाच. दिवस मोजा. ‘बरेच दिवस’ म्हणू नका, तारीख लिहा. डॉक्टरला तारखेचा उपयोग होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रशिक्षणात सगळेच थकलेले असतात, त्यामुळे थकवा ही खूण धरू नका. सकाळची झोप बघा. दमलेला रंगरूट बिगुल वाजेपर्यंत मेल्यासारखा झोपतो. नैराश्यातला मुलगा दमलेला असूनही रात्री दोन-तीनला जागा होतो आणि छताकडे बघत पडतो.

तातडीच्या खुणा कोणत्या?

मरणाबद्दल बोलणं, गमतीतही. ‘माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल’, ‘आता फार दिवस नाही त्रास देणार’. आपल्या वस्तू वाटून टाकणं, घड्याळ किंवा नवे बूट मित्राला देणं. बँकेचा पिन, सेवा निधीचे (अग्निवीराच्या पगारातून कापून साठणाऱ्या रकमेचे) कागद, नॉमिनी यांबद्दल अचानक समजावून सांगणं. सगळ्यांची माफी मागणं. दारू वाढणं.

आणि सर्वांत फसवी खूण: बरेच दिवस अस्वस्थ असलेला मुलगा अचानक शांत, हलका होणं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. कधीकधी ती शांतता ‘ठरवलं’ म्हणून आलेली असते. काहीही कारण नसताना मळभ एकदम गेलं असेल तर त्याच दिवशी विचारा.

थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल ना?

नाही. यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. आडून विचारल्याने मात्र नुकसान होतं. ‘तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना रे?’ या प्रश्नात ‘नाही म्हण’ अशी विनवणी आहे, आणि मुलगा ‘नाही’ म्हणतो.

आपल्याकडचा फोन बहुधा असा चालतो: ‘बाबू, बरो आसस मा?’ ‘बरो आसंय.’ ‘जेवलंस?’ ‘जेवलंय.’ मग गाईचं, पावसाचं, आणि फोन खाली. यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे प्रश्न, याच क्रमाने:

‘काल रात्री किती वाजता झोपलास? मध्ये जाग आली का?’
‘दिवसातला सगळ्यांत वाईट वेळ कुठला जातो?’
‘इतका त्रास होतो तेव्हा जगणं नको असं वाटतं का?’
‘जीव द्यायचा विचार आला का?’
‘कसं करायचं, कधी करायचं, असं काही ठरवलंयस?’
‘याआधी कधी प्रयत्न केला होतास?’

प्रत्येक प्रश्नानंतर थांबा. फोनवरची दहा सेकंदांची शांतता आईला फार लांब वाटते आणि ती लगेच दुसरं बोलायला लागते. थांबा. तिथेच तो बोलतो. ‘विचार येतात पण काही ठरवलं नाही’ असं उत्तर आलं तर एक-दोन दिवसांत डॉक्टर. पद्धत किंवा वेळ ठरलेली असेल, किंवा आधी प्रयत्न झालेला असेल, तर आजच, याच तासाला.

हे काम घरात सर्वांनी करू नये. ज्याच्याशी तो मोकळा बोलतो त्याने करावं. बरेचदा ती आई-बाबा नसतात. मोठी ताई, मामा किंवा एखादा चुलतभाऊ असतो.

तो ‘हो’ म्हणाला. मी काय बोलू?

‘सांगितलंस ते बरं केलंस. मी फोन ठेवत नाही. आपण आत्ता कुणाला तरी तुझ्याजवळ बोलावू.’ एवढं पुरे.

‘आईचा तरी विचार कर’ म्हणू नका, तो आईचाच विचार करून अपराधी झालेला असतो. ‘आमच्या वेळी याहून कडक होतं’ हे पेन्शनर काकांचं वाक्य तर अजिबात नको. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘फक्त ज्यांना सांगितल्याशिवाय तुला मदत मिळणार नाही, त्यांनाच सांगेन’ असं म्हणा आणि ते पाळा.

यासाठी तयारी आधी हवी. मुलगा प्रशिक्षण केंद्रात पोचला की पहिल्याच फोनला पाच गोष्टी लिहून घ्या: आर्मी नंबर, कंपनी, प्लाटून, प्लाटून हवालदारांचं नाव, कंपनी ऑफिसचा किंवा केंद्राच्या एक्स्चेंजचा नंबर. घरातल्या वहीत लिहा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. बहुतेक घरांत मुलाचा मोबाईल नंबर सोडून दुसरं काहीच नसतं, आणि प्रशिक्षणात मोबाईल ठरावीक वेळीच हातात येतो. मध्यरात्री तो फोन बंद लागला की घरचे हतबल होतात.

केंद्रात त्याने कुणाला सांगायचं?

सर्वांत सोपा दरवाजा एम. आय. रूम, म्हणजे केंद्रातला दवाखाना. सकाळी सिक रिपोर्टला, म्हणजे आजाऱ्यांच्या यादीत, नाव द्यायचं आणि डॉक्टरसमोर एकटा असताना सांगायचं. इथे घोटाळा असा होतो की मुलगा ‘डोकं दुखतं, झोप नाही’ एवढंच सांगतो, दोन गोळ्या घेऊन परत येतो, आणि मग म्हणतो की मदत मागितली पण काही झालं नाही. शब्द नेमके हवेत: ‘सर, दोन आठवडे झोप नाही, जीव द्यायचे विचार येतात.’ हिंदीत बोलायला अडखळत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्यावं. मालवणीत विचार करणाऱ्या मुलाला ‘घुसमट’ला हिंदी शब्द सापडत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरा दरवाजा बडी, म्हणजे सोबतीचा जोडीदार रंगरूट. बडीने ते स्वतःपाशी ठेवायचं नाही. प्लाटून हवालदारांपर्यंत त्याच दिवशी न्यायचं. तिसरा, कंपनीचे सुभेदार साहेब किंवा कंपनी कमांडर, ज्यांच्याकडे इंटरव्ह्यू मागता येतो. बऱ्याच रेजिमेंटमध्ये धर्मगुरूही असतात, आणि उस्तादांना (प्रशिक्षकांना) घाबरणारी मुलं पंडितजींशी मोकळं बोलतात. सैनिक संमेलन हे रेशन, रजा, पगाराच्या तक्रारींसाठी ठीक, पण ही गोष्ट शंभर जणांत उभं राहून सांगायची नाही.

सांगितल्यावर सहसा असं होतं: हत्यार आणि संतरी ड्युटीपासून दूर ठेवतात, एक साथीदार सोबत देतात, आणि गरज असेल तर लष्करी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. साथीदार सोबत दिला की मुलांना ‘माझ्यावर पहारा बसवला’ असं वाटतं. त्याला आधीच सांगा की हा उपचाराचा भाग आहे, काही दिवसांचा.

मानसिक त्रास सांगितला तर नोकरी जाईल का?

सगळे गप्प बसतात ते याच भीतीने, म्हणून जरा सविस्तर.

सैन्यात तब्येतीची प्रतवारी ‘शेप’ पद्धतीने होते: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता, डोळे. पहिलं अक्षर मनाचं. प्रत्येकाला १ ते ५ दर्जा, १ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, ५ म्हणजे सेवेस अयोग्य. ताण, जुळवून घेण्यातली अडचण, सौम्य नैराश्य यांत उपचारानंतर काही काळ खालची तात्पुरती श्रेणी देऊन ठरावीक आठवड्यांनी पुन्हा तपासतात. बरा झाला की श्रेणी वर जाते.

खोटा दिलासा देणार नाही: तीव्र किंवा वारंवार उलटणाऱ्या आजारात मेडिकल बोर्ड मुलाला सेवेतून मुक्त करू शकतं, आणि प्रशिक्षणात असलेल्या मुलाच्या बाबतीत बोर्ड अधिक कडक असतं. पण हिशेब नीट मांडा. लवकर सांगितलेला त्रास बहुधा सौम्य असताना सापडतो. लपवलेला त्रास उघड होतो तो प्रयत्न झाल्यावर, पळून गेल्यावर किंवा हत्यार हातात असताना. नोकरी वाचवायची तरी लवकर सांगणंच फायद्याचं. आणि समजा गेली, तर वीस वर्षांचा जिवंत मुलगा घरी आला. घरच्यांनी हे वाक्य त्याला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावं: ‘नोकरी गेली तरी चालेल, तू घरी ये.’ त्याच्या मनातला बंद झालेला रस्ता याने उघडतो.

पायाला दुखापत झाली, बॅच मागे पडली, तेव्हापासून बिघडलाय.

याकडे फार कमी लोक लक्ष देतात. नडगीच्या हाडाला बारीक चीर जाणं हे रंगरुटांत नेहमीचं. सहा-आठ आठवडे विश्रांती लागते, तेवढ्यात बॅच पुढे जाते आणि मुलाला मागच्या बॅचमध्ये टाकतात, म्हणजे रिलीगेट करतात. मित्र गेले, व्यायाम बंद, दिवसभर बॅरकमध्ये, वर ‘कामचुकार’ हा शिक्का. झोप आणि भूक दोन्ही जातात. घरी तो सांगत नाही, कारण कसम परेडची, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या शपथेच्या परेडची, तारीख पुढे गेली हे सांगावं लागेल, आणि घरच्यांनी तर गाड्या ठरवलेल्या असतात.

रिलीगेट झाल्यापासून पुढचे दोन महिने जास्त वेळा फोन करा. परेडची तारीख विचारणं बंद करा. नडगी चेपून दुखण्याचा एकच ठिपका सापडत असेल तर लपवून धावू नको म्हणावं. लपवलेली चीर पूर्ण मोडते आणि सहा आठवड्यांचे सहा महिने होतात.

उस्तादांचा रगडा आणि छळ यात फरक काय?

सगळ्या प्लाटूनला, चुकीबद्दल, मैदानात, दिवसाउजेडी झालेली शिक्षा ही शिस्तीत मोडते, कडक असली तरी. एकालाच रोज निवडणं, रात्री बॅरकमध्ये मारहाण, जातीवरून किंवा बोलीवरून अपमान, पैसे मागणं, कपडे उतरवायला लावणं हा छळ. तारीख, वेळ, कोण होतं हे लिहून ठेवून कंपनी कमांडरकडे, तिथे अडलं तर कमांडिंग ऑफिसरकडे लेखी. घरच्यांनी व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नये. मुलगा आतच असतो आणि त्याची बाजू अवघड होते.

आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे का?

नागरी कायद्यात चित्र बदललं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरावं, त्याच्यावर खटला चालवू नये, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ सारखं सरसकट कलम नाही. सरकारी नोकराला काम करण्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये आहे.

सैन्याचा कायदा वेगळा. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ६४ मध्ये प्रयत्न हा अजूनही गुन्ह्यांत मोडतो. म्हणून पुन्हा तेच: विचार येतात हे सांगणं गुन्हा नाही, ती वैद्यकीय तक्रार आहे. ती वेळेवर नोंदवली गेली की मुलाच्या बाजूने कागद तयार होतो.

सुट्टीवर आलाय. घरात काय काळजी घ्यायची?

कोकणातलं घर म्हटलं की पडवीत किंवा मांगरात आंब्या-काजूवर फवारायच्या औषधाचे डबे, भातावरची औषधं. धोका वाटत असेल तर हे सगळं त्याच्या नकळत शेजाऱ्याच्या कुलपात जाऊ दे. घरात बंदुकीचा परवाना असेल तर ती नातेवाईकाकडे नको, नियमाप्रमाणे पोलिस ठाण्यात जमा करा. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या एका डब्यात, एका माणसाच्या ताब्यात. तीव्र इच्छेची लाट बऱ्याचदा मिनिटांची किंवा काही तासांची असते. त्या वेळेत वस्तू हाताशी नसली तर पुष्कळ माणसं तरून जातात आणि नंतरही जगतात.

गणपतीत किंवा शिमग्याला आलेला मुलगा सगळ्यांना हवा असतो. रोज कुणाच्या घरी जेवण, रोज मित्रांबरोबर बसणं. झोप हरवते आणि दारू वाढते. दारू आधी हलकं करते आणि पहाटे मन खोल बुडवते, शिवाय हात आवरणारी भीती कमी करते. पहिले दोन दिवस त्याला नुसतं झोपू द्या.

परत जायचे शेवटचे दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक. स्टेशनवर सोडायला जाताना कर्जाचं, जमिनीचं काही काढू नका. पोचल्याचा फोन कधी येणार ते ठरवून घ्या, आणि नाही आला तर वाट न बघता कंपनी ऑफिसला विचारा.

सुट्टी संपली, परत जायला नाही म्हणतो.

ओढूनताणून गाडीत बसवू नका, आणि ‘राहू दे दोन महिने’ असंही नको. रजा संपली की तो विनापरवाना गैरहजर धरला जातो. तीस दिवस उलटले की चौकशी होऊन त्याला भगोडा ठरवता येतं, आणि मग आजार बाजूला राहतो, खटला उभा राहतो.

रजा संपायच्या आधीच कंपनीला फोन करा आणि ईमेलही करा, म्हणजे पुरावा राहतो. शक्य असेल तर लष्करी रुग्णालय गाठा: रायगडकरांना मुंबईत कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी, सिंधुदुर्गकरांना बेळगावचं मिलिटरी हॉस्पिटल किंवा वास्कोचं आयएनएचएस जीवंती. प्रवास झेपण्यासारखा नसेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखल करा, दाखल्याची प्रत त्याच दिवशी युनिटला पाठवा, आणि पुढचं ते सांगतील तसं करा. खासगी डॉक्टरचं ‘अशक्तपणा, विश्रांती हवी’ असं मोघम पत्र चालत नाही. निदान लिहिलेलं हवं.

कोकणात मनोविकारतज्ज्ञ कुठे?

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोस इथल्या सरकारी रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. दोडामार्ग-सावंतवाडीकडची माणसं गोव्यात बांबोळीलाही जातात, तिथे मनोविकारांची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. ‘मेंटल’ या शब्दाने बिचकू नका. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून बसणारे बहुतेक जण झोप, चिंता, दारू यासाठीच आलेले असतात.

देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर घाला, कौल लावायचा असेल तर लावा. गाऱ्हाण्याने आईचा धीर टिकतो, आणि आईचा धीर मुलाला लागतो. मात्र भगत गोळ्या बंद करायला सांगत असेल तर तिथे ऐकू नका.

गोळ्यांची सवय लागते का?

नैराश्यावरच्या एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीनसारख्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता यायला सहा-आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी बेचैनी होते, आणि नेमकी तेव्हाच मुलं गोळ्या सोडतात. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून या काळात आठवड्याला एकदा तरी डॉक्टरची भेट आणि घरच्यांचं लक्ष हवंच. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि हळूहळू कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र लागते, त्या डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांपुरत्याच. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यायला सांगा. यांची कमतरता नैराश्यासारखी दिसते.

सुरक्षा-चिठ्ठी म्हणजे काय?

मन ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने लिहिलेला, खिशात मावणारा कागद. वाईट तासात विचार करायची ताकद नसते, म्हणून विचार आधीच करून ठेवायचा. एक नमुना:

१. माझी खूण: रात्री तीनला जाग, छाती भरून येते, ‘माझ्यामुळे सगळे अडचणीत’ हेच फिरत राहतं.
२. एकट्याने: तोंडावर गार पाणी, बूट पॉलिशला बसणं, मनात गावची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत.
३. माणसांत: उठून बडीच्या खाटेजवळ बसणं, संध्याकाळी मंदिर.
४. कुणाला सांगायचं: बडी. ताई.
५. जाणकार: एम. आय. रूमचे डॉक्टर. १४४१६.
६. लांब काय ठेवायचं: या आठवड्यात हत्याराची ड्युटी नको, हे हवालदार साहेबांना सांगितलं आहे.
७. कशासाठी जगायचं: धाकटीचं दहावीचं वर्ष. पुढच्या पावसात बाबांबरोबर लावणी.

पाचव्या ओळीपर्यंत जायला लाजू नका. पहिल्या तीन ओळींनी पाच-दहा मिनिटांत फरक पडला नाही तर पुढे जायचं, एवढाच नियम.

घरची भांडणं, कर्ज, जमीन. यातलं त्याला काय सांगावं?

लपवू नका, पण उपाय नसलेली बातमी फोनवर टाकून मोकळेही होऊ नका. सामाईक जमिनीचा, वाटेचा वाद असेल तर मुलगा कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवू शकतो, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. ‘तू तिकडे काय करणार, आम्ही मरतोय इकडे’ या एका वाक्याने पोर रात्रभर जागतं.

पैशाचं गणित नीट समजून घ्या. अग्निवीराचा पहिल्या वर्षी महिन्याचा पगार ३०,००० म्हणतात, पण त्यातले ९,००० सेवा निधीत कापून हातात २१,००० येतात. घर ३०,००० धरून गाडीचा हप्ता बांधतं आणि फरक मुलगा कर्ज देणाऱ्या ॲपवरून भरतो. ॲपवाले फोटो पसरवायची धमकी देत असतील तर १९३० वर सायबर तक्रार. याला घाबरून मुलांनी जीव दिले आहेत. पैसे बुडाले तर कमावता येतात.

मुलींसाठी काही वेगळं?

त्रास तोच, पण एकटेपणा अधिक, कारण बॅचमध्ये मुली थोड्या. पाळी अनियमित होणं कडक व्यायामात घडतं, डॉक्टरला सांगावं. लैंगिक छळाची तक्रार ही वेगळी, कायद्याने बांधलेली वाट आहे. ती ‘तणाव’ या नावाखाली मिटवू देऊ नका.

भरतीत नापास झाला, किंवा चार वर्षांनी परत आला. तो तर सैन्यातच नाही.

धोका त्यालाही आहे. १.६ किलोमीटरच्या धावेत काही सेकंदांनी हुकलेला किंवा वय उलटलेला मुलगा, ज्याने तीन वर्षं दुसरं काही शिकलंच नाही. निकालाच्या दिवशी आणि पुढचा महिनाभर त्याला एकटं पडू देऊ नका. तयारी चालू असतानाच बारावी, आयटीआय, मर्चंट नेव्हीचा कोर्स असं दुसरं काही हातात ठेवायला लावा. परत आलेल्या अग्निवीराला गावाने ‘काढून टाकला’ म्हणू नये. मुदत संपली, हा शब्द वापरा. त्याची झोप, दारू, आणि दिवसभर खोलीत बसणं यांकडे पहिले सहा महिने लक्ष द्या.

गावातला एखादा मुलगा असा गेला तर?

कसं केलं, कुठे केलं हे तपशील आणि फोटो ग्रुपवर फिरवू नका. त्याच वयाच्या, आधीच खचलेल्या मुलांना ते ओढून नेतात. ‘शहीद’ म्हणून गौरव नको आणि ‘भ्याड’ म्हणून शिवीही नको. घरच्यांना ‘तुम्हाला कळलं कसं नाही?’ विचारू नका. तेराव्यानंतर माणसं पांगतात, तेव्हापासून पुढचे काही महिने कुणीतरी आठवड्याला एकदा त्या घरी जाऊन बसावं. आणि त्याचा बडी, त्याचा वर्गमित्र, त्याच्याबरोबर मैदानावर धावणारी पोरं यांना एकेकट्याला गाठून तेच थेट प्रश्न विचारावेत, जे वर दिले आहेत.